आधी दुसरा कोण ते ठरवा: मतविभाजन टाळण्यासाठी याद्या काढणाऱ्या गटांना खुले पत्र

सप्रेम नमस्कार.

निवडणूक जवळ आली की तुमच्या याद्या फिरू लागतात. अमुक मतदारसंघात तमुक चिन्हाला मत द्या, मते फुटू देऊ नका. तुम्हाला कोणाला निवडून आणायचे आहे किंवा कोणाला पाडायचे आहे, याच्याशी या पत्राचा संबंध नाही. डाव्यांची यादी असो, उजव्यांची असो, गणित तेच असते आणि फसण्याची कारणेही तीच. आम्ही हे गणित मांडणारे लोक आहोत आणि आमचे म्हणणे एकच आहे: ज्या मतदारसंघात दुसऱ्या क्रमांकावर कोण आहे हे पक्के ठाऊक नाही, तिथे शिफारस करू नका. चुकीच्या शिफारशीने मते एकवटत नाहीत, आणखी फुटतात.

एक काल्पनिक मतदारसंघ घ्या. ज्याला हरवायचे आहे तो पहिला, ३८ टक्क्यांवर. दुसरा ३६ वर, तिसरा २६ वर. तुमची यादी वाचून दहापैकी एक मतदार आपले मत बदलतो असे धरू. हा अंदाज सढळच आहे. यादीत दुसऱ्याचे नाव असेल तर तिसऱ्याची २.६ टक्के मते त्याच्याकडे येतात, तो ३८.६ वर जातो आणि जिंकतो. आता समजा, मागच्या निवडणुकीत दुसरा आलेला उमेदवार यंदा तिसरा आहे आणि तुम्ही जुन्या निकालावरून त्याचेच नाव छापले. मग खऱ्या दुसऱ्याची ३.६ टक्के मते निघून तिसऱ्याकडे जातात. दुसरा ३२.४, तिसरा २९.६, पहिला जिथल्या तिथे ३८ वर. दोन टक्क्यांची चुरस होती, तिथे साडेपाच टक्क्यांचे अंतर पडले आणि ते तुमच्या यादीने पाडले. अशा जागी यादी नसती तर बरे झाले असते.

यादीत एखादा मतदारसंघ घ्यावा की नाही, यासाठी आम्ही सर्वांत आधी एक भागाकार करतो. पहिल्याच्या मतांतून दुसऱ्याची मते वजा करायची आणि उरलेल्या आकड्याला तिसऱ्याच्या मतांनी भागायचे. तिसऱ्याच्या मतदारांपैकी किती टक्के लोक दुसऱ्याकडे वळले तर निकाल उलटतो, ते यातून कळते. याला आपण ‘गरजेचे हस्तांतर’ म्हणू. झालेल्या निवडणुकांवर हा भागाकार करून पाहिला की डोळे उघडतात. २००० साली अमेरिकेच्या अध्यक्षीय निवडणुकीत फ्लोरिडात बुश अल गोर यांच्यापेक्षा ५३७ मतांनी पुढे राहिले आणि तिसरे आलेले राल्फ नेडर यांना तिथे ९७,४८८ मते होती. गरजेचे हस्तांतर अर्ध्या टक्क्याच्या जरा वर. (नेडरच कशाला, तिथे मतपत्रिकेवरच्या प्रत्येक छोट्या पक्षाच्या उमेदवाराला ५३७ पेक्षा जास्त मते पडली होती. मग खापर एकट्या नेडर यांच्यावरच का फुटले, हा वेगळा विषय.) २०१९ मध्ये लंडनमधल्या केन्सिंग्टनमध्ये हुजूर पक्षाने मजूर पक्षाला १५० मतांनी हरवले, लिबरल डेमोक्रॅट उमेदवाराला ९,३१२ मते होती: १.६ टक्के. ऑस्ट्रेलियात स्वान इथली १९१८ ची पोटनिवडणूक मजूर पक्षाने अवघ्या ३४.४ टक्क्यांवर जिंकली, कारण समोरच्या दोन पक्षांनी ३१.४ आणि २९.६ अशी मते वाटून घेतली होती: सुमारे १० टक्के. तैवानमध्ये २०२४ च्या अध्यक्षीय निवडणुकीत तिघांना अनुक्रमे ४०.०५, ३३.४९ आणि २६.४६ टक्के: जवळपास २५ टक्के. दक्षिण कोरियात १९८७ साली रोह ते-वू ३६.६ टक्क्यांवर अध्यक्ष झाले आणि किम आडनावाच्या दोन विरोधी उमेदवारांना २८ आणि २७ टक्के मिळाले: ३२ टक्के.

या पाचही ठिकाणी ‘मतविभाजनामुळे हरलो’ असेच म्हटले जाते. पण पहिल्या तीन जागा एखादी बरी यादी उलटवू शकली असती. शेवटच्या दोन जागी यादी पुरली नसती. तिथे एका उमेदवाराने माघार घेणे हाच उपाय होता आणि तोही पुरला असताच असे नाही. आमचा अनुभवी अंदाज असा की गरजेचे हस्तांतर १५ टक्क्यांच्या आत असेल तरच मतदारांना थेट आवाहन करण्यात अर्थ आहे. १५ ते ३० च्या पट्ट्यात पक्षांशी आणि उमेदवारांशी बोला, मतदारांशी नव्हे. त्यापुढे तो मतदारसंघ यादीतून काढा.

अंशस्थानी आणि छेदस्थानी बसणारे हे आकडे आले कुठून, हा पुढचा आणि खरा कळीचा प्रश्न. त्याआधी ‘तिसरा’ म्हणजे काय याबद्दल एक गैरसमज दूर करायला हवा.

तिसऱ्या उमेदवाराला ‘मतकटवा’ म्हणण्याची सवय आपल्याला इतकी जडली आहे, की तो नेमकी कोणाची मते खातो हे कोणी विचारतच नाही. त्याच्या समर्थकांना विचारा: ‘तुमचा उमेदवार रिंगणात नसता तर कोणाला मत दिले असते?’ उत्तरे तीन प्रकारची येतात. काही दुसऱ्याला, काही चक्क पहिल्याला, आणि काही घरीच बसणार. समजा पहिला ४२, दुसरा ३३, तिसरा २५ असे चित्र आहे. तिसऱ्याच्या २०० समर्थकांपैकी ११० जण दुसऱ्याकडे, ४० पहिल्याकडे आणि ५० कुठेच नाहीत. तिसऱ्याने माघार घेतली तर दुसऱ्याला ५५ टक्के मिळतात आणि पहिल्याला २० टक्के. निव्वळ फायदा ३५ टक्क्यांचा. गरजेचे हस्तांतर आहे ९ भागिले २५, म्हणजे ३६. माघार घेऊनही पहिलाच जिंकतो, ४७ विरुद्ध ४६.७५ असा. थेट लढत लावली, सभेत हात उंचावले, आणि तरी हरलो, याचे कारण बहुतेक वेळा याच बेरजेत सापडते.

आता तिसरा रिंगणातच राहिला तर? मग पहिल्याकडे जाऊ शकणारे ते २० टक्के तिसऱ्याकडेच अडकून राहतात आणि दुसऱ्याकडे जाण्याजोग्या ५५ टक्क्यांपैकी जेवढे तुमचे ऐकतील तेवढे वळतात. त्यांतल्या एक तृतीयांश लोकांनी ऐकले तर १८ टक्के. इथे ३६ हवे होते, म्हणून ही जागा दोन्ही रस्त्यांनी हातची गेली. पण गरज १५ टक्क्यांची असती, तर तिसऱ्याला न बसवताच काम झाले असते. आणि तिसऱ्याच्या समर्थकांची दुसरी पसंती पहिल्याकडे जास्त झुकलेली असेल, तर त्याने माघार घेणे तुमच्याच मुळावर येते. असा ‘मतकटवा’ खरे तर तुमच्या बाजूने उभा असतो. त्याला समाजमाध्यमांवर शिव्या घालण्याआधी दुसऱ्या पसंतीचा प्रश्न विचारून घ्या.

आघाड्यांचे हिशेबही याच ठेचेने कोलमडतात. उत्तर प्रदेशात २०१४ च्या लोकसभेला समाजवादी पक्षाला सुमारे २२ टक्के आणि बहुजन समाज पक्षाला सुमारे २० टक्के मते होती, भाजपला ४२.६. दोघांची मते मतदारसंघनिहाय जोडली तर निम्म्याच्या आसपास जागा हाती येताना दिसत होत्या. २०१९ ला ते एकत्र लढले. राष्ट्रीय लोकदल धरूनही आघाडीची मते ३९ टक्क्यांच्या आसपास भरली, भाजप ५० टक्क्यांना टेकला, आणि ८० पैकी १५ जागा आघाडीला मिळाल्या. हंगेरीत तर सहा विरोधी पक्षांनी २०२१ मध्ये रीतसर प्राथमिक निवडणूक घेऊन १०६ च्या १०६ मतदारसंघांत एकेकच उमेदवार दिला. २०१८ मध्ये वेगवेगळे लढताना त्यांच्या मतांची बेरीज सुमारे ४६ टक्के होती. एकत्र आल्यावर ती ३४ वर आली. उजवीकडच्या योब्बिक पक्षाचा बराचसा मतदार डाव्यांबरोबर आला नाही. उलट बिहारमध्ये २०१४ ला वेगळे लढून रालोआला ४० पैकी ३१ जागा देऊन बसलेले पक्ष २०१५ च्या विधानसभेला एकत्र आले आणि २४३ पैकी १७८ जागा घेऊन गेले. म्हणजे आघाडी नेहमी फसते असेही नाही. मते वळतात की नाही हे पक्षाच्या कार्यालयात ठरत नाही. मतदार त्या दुसऱ्या पक्षाला आपला मानतो, चालवून घेतो की शत्रू मानतो, यावर ते ठरते, आणि ते मोजता येते.

मोजायचे कसे? मागच्या निकालापासून सुरुवात करा, पण तिथेच थांबू नका. एकूण निकालाऐवजी मतदान केंद्रनिहाय आकडे घ्या. भारतात ते नमुना २० मध्ये मिळतात. मधल्या काळात मतदारसंघाची पुनर्रचना झाली असेल तर जुना एकूण निकाल निरुपयोगी ठरतो आणि केंद्रनिहाय आकडे जोडून नवा पाया तयार करावा लागतो. मग तपासा: मागच्या वेळचा दुसरा उमेदवार पक्ष बदलून गेला आहे का? त्याच्या पक्षात फूट पडली आहे का? बंडखोर उभा आहे का? यांपैकी एकाचेही उत्तर ‘हो’ असेल तर जुन्या निकालावरून ‘दुसरा’ ठरवणे बंद करा. देशभरच्या मोठ्या सर्वेक्षणातून प्रत्येक मतदारसंघाचा अंदाज काढून देणारी प्रतिमाने आता बरीच आली आहेत. एकूण जागांचा अंदाज ती बरा देतात. पण नेमकी तिरंगी लढत असते तिथे, स्थानिक उमेदवाराच्या वजनामुळे, ती सर्वांत जास्त चुकतात. तुमचे काम नेमके तिथेच असते.

स्वतः सर्वेक्षण करणार असाल तर नमुन्याचा आकार नीट समजून घ्या, कारण सर्वाधिक फसवणूक इथे होते. दुसरा ३० टक्के, तिसरा २६ टक्के असे दिसले आणि नमुना ४०० जणांचा असेल, तर त्या चार टक्क्यांच्या फरकाची त्रुटी-मर्यादा अधिक-उणे ७.३ आहे. म्हणजे तिसराच दुसरा असू शकतो. १,००० जणांना विचारले तरी ती ४.६ असते. १,६०० ला ३.७ होते, तेव्हा कुठे चारचा फरक जेमतेम विश्वासार्ह ठरतो. हे आकडे शुद्ध यादृच्छिक, म्हणजे चिठ्ठ्या टाकून निवडावा तशा, नमुन्याचे. चौकात उभे राहून किंवा ऑनलाइन लिंक पाठवून केलेल्या पाहणीला ही मर्यादा लागूच होत नाही, तिची चूक कितीही असू शकते. वर्तमानपत्रात छापतात ती ‘अधिक-उणे ३ टक्के’ ही मर्यादा एका उमेदवाराच्या आकड्याची असते. दोघांमधल्या फरकाची मर्यादा त्याच्या दीडपट ते दुप्पट असते.

हा फरक किती महागात पडतो ते तैवानने दाखवले. १५ नोव्हेंबर २०२३ रोजी तिथल्या दोन विरोधी पक्षांनी ठरवले, की अध्यक्षपदाचा उमेदवार सर्वेक्षणांवरून ठरवायचा आणि फरक त्रुटी-मर्यादेत असेल तर तो गुण त्यांतल्या कोमिंतांग पक्षाला द्यायचा. तीनच दिवसांनी वाद पेटला: अधिक-उणे ३ म्हणजे तीन टक्क्यांचा फरक की सहा टक्क्यांचा? करारात ते स्पष्ट नव्हते. २४ नोव्हेंबरला अर्जांची मुदत संपली, दोघांनी वेगवेगळे अर्ज भरले, आणि जानेवारीत सत्ताधारी पक्ष ४० टक्क्यांवर जिंकला. तुमच्या गटाचा नियमही आकडे हाती येण्याआधी लिहून ठेवा. नमुना किती, किती सर्वेक्षणांची सरासरी, दुसऱ्या-तिसऱ्यात किमान किती फरक, बरोबरी दिसल्यास काय. आम्ही सुचवू: किमान दोन स्वतंत्र पाहण्या, दोन्हींत दुसरा तोच, आणि सरासरी फरक ५ टक्क्यांहून जास्त. यांतले एक जरी पूर्ण झाले नाही तरी त्या मतदारसंघापुढे ‘शिफारस नाही’ असे छापा. कोरी जागा ठेवू नका, नाहीतर कोणीतरी ती आपल्या मनाने भरून पुढे पाठवतो.

प्रश्न विचारतानाही पथ्ये आहेत. पक्षाचे नाव विचारू नका. त्या मतदारसंघातल्या उमेदवारांची नावे आणि चिन्हे मतपत्रिकेच्या क्रमाने दाखवा. दुसरी पसंती विचारताना ‘मत द्यायला जाणार नाही’ हा पर्याय ठेवा. तिसऱ्याचे समर्थक किमान २०० तरी सापडले पाहिजेत, म्हणजे तो २५ टक्क्यांवर असेल तर एकूण नमुना ८०० चा. त्या २०० जणांच्या उत्तरांतही अधिक-उणे ७ ची ढील आहेच. शेवटी एक प्रश्न हमखास विचारा: ‘इथे कोण जिंकेल असे वाटते?’ ज्याला आपला उमेदवार जिंकणार असे मनापासून वाटते, तो कोणत्याही यादीने हलत नाही. तिसऱ्याच्या समर्थकांत असे लोक निम्म्याहून जास्त असतील तर तुमचा पहिला खर्च शिफारशीवर नको, तिथल्या खऱ्या परिस्थितीचे आकडे त्यांच्यापर्यंत पोहोचवण्यावर करा.

फ्रेंच राज्यशास्त्रज्ञ मॉरिस द्युवेर्जे यांनी १९५१ मध्ये मांडलेला नियम सगळ्यांना ठाऊक असतो: एका मतदारसंघात एकच जागा आणि सर्वाधिक मतांना विजय, अशी पद्धत असली की लढत दोन पक्षांकडे सरकते. राज्यशास्त्रज्ञ गॅरी कॉक्स यांनी १९९० च्या दशकात हा नियम कुठे लागू पडतो आणि कुठे नाही, हे मोजण्याची सोपी रीत दिली. तिसऱ्याच्या मतांना दुसऱ्याच्या मतांनी भागा. भागाकार शून्याकडे झुकला तर मतदारांनी आपसूक समन्वय केला, १ कडे झुकला तर दुसरा-तिसरा कोण हेच त्यांना कळले नाही. १९८७ च्या कोरियात हा आकडा ०.९६ होता, २०२४ च्या तैवानमध्ये ०.७९. ०.८ च्या वर असलेल्या मतदारसंघात मतदार हट्टी नसतो, त्याच्याकडे माहिती नसते. तिथे तुम्हीही अंदाजानेच नाव छापणार असाल तर त्याच्या अंधारात आणखी एक आवाज मिसळाल, इतकेच.

वेळेबद्दल. उमेदवाराची माघार सर्वांत परिणामकारक, पण ती अर्ज मागे घेण्याच्या मुदतीच्या आत. मुदत उलटल्यावर ‘मी अमुक यांना पाठिंबा देतो’ असे जाहीर केले तरी नाव यंत्रावर किंवा मतपत्रिकेवर राहते आणि त्यावर मते पडत राहतात. फ्रान्समध्ये दुसऱ्या फेरीसाठी अर्ज भरायची मुदत पहिल्या फेरीनंतरच्या मंगळवारी संध्याकाळी ६ पर्यंत असते. २०२४ मध्ये ३० जूनच्या पहिल्या फेरीनंतर तीनशेहून अधिक मतदारसंघांत तिरंगी लढती ठाकल्या होत्या; त्या दोन दिवसांत दोनशेहून जास्त उमेदवारांनी माघार घेतली आणि पहिल्या फेरीत सर्वांत पुढे असलेला अतिउजवा ‘नॅशनल रॅली’ पक्ष ७ जुलैला जागांत तिसरा आला. तिथे हे जमले कारण पहिल्या फेरीनेच दुसरा आणि तिसरा कोण हे अधिकृतपणे सांगितले होते. सर्वेक्षणाची गरजच उरली नव्हती. एका फेरीच्या पद्धतीत ही चैन तुम्हाला मिळत नाही. म्हणून माघारीच्या मुदतीआधी किमान दोन आठवडे तुमचे आकडे पक्षांच्या टेबलावर हवेत. मुदतीनंतर यादी काढून पक्षांना दोष देणे सोपे आहे, उपयोग शून्य.

माघार मिळवतानाही एकट्या उमेदवाराशी बोलून भागत नाही. ब्रिटनमध्ये १९९७ ला टॅटन इथे मजूर आणि लिबरल डेमोक्रॅट या दोन्ही पक्षांनी आपले उमेदवार काढून घेतले आणि हुजूर पक्षाची अत्यंत सुरक्षित जागा मार्टिन बेल या अपक्षाने ११,०७७ मतांनी जिंकली. २०१९ ला कँटरबरीत लिबरल डेमोक्रॅट उमेदवार मते फुटू नयेत म्हणून स्वतःहून बाजूला झाला, तर पक्षाने दुसरी उमेदवार उभी केली. निर्णय पक्षाचा असतो. आणि ‘मैत्रीपूर्ण लढत’ ऐकू आली की तो मतदारसंघ माघारीच्या हिशेबातून वगळा. मैत्रीचा उल्लेख भाषणात राहतो, मते मात्र खरोखर फुटतात.

यादीच्या छपाईतले दोष किरकोळ वाटतात, पण जागा घालवतात. शिफारस नेहमी पूर्ण नाव, पक्ष, चिन्हाचे चित्र आणि मतपत्रिकेवरचा क्रमांक यांसह द्या. रायगडमध्ये २०१४ ला पराभवाचे अंतर २,११० मतांचे होते आणि पराभूत उमेदवाराशी नामसाधर्म्य असलेला अपक्ष ९,८४९ मते घेऊन गेला. साताऱ्यात २०२४ ला ‘तुतारी वाजवणारा माणूस’ हे चिन्ह असलेला उमेदवार ३२,७७१ मतांनी हरला आणि नुसत्या ‘तुतारी’ चिन्हाच्या अपक्षाला ३७,०६२ मते पडली. तुमच्या यादीत ‘तुतारी’ एवढेच छापले असते तर त्या गोंधळात तुमचाही हात लागला असता. क्रमांक मात्र अंतिम यादी जाहीर झाल्यावरच छापा.

प्रत्येक चित्रावर तारीख आणि ‘आवृत्ती १’ ठळक हवी. मोबाइलवर फिरणारे चित्र मागे घेता येत नाही. शिफारस बदलली तर जुनी आणि नवी दोन्ही मतदानाच्या दिवसापर्यंत फिरत राहतात आणि तुमचेच लोक दोन ठिकाणी विभागतात. म्हणून बदलाची एकच तारीख आधी जाहीर करा आणि तीही टपाली किंवा आगाऊ मतदान सुरू होण्याआधीची. त्यानंतर नवे सर्वेक्षण आले तरी हात लावू नका. फार तर शिफारस मागे घ्या, दुसरे नाव देऊ नका. आणि त्याच मतदारांसाठी दुसरा गट वेगळे नाव छापत असेल, तर आधी त्यांच्याशी बोला. ब्रिटनमध्ये २०१९ ला अशी अनेक संकेतस्थळे होती आणि काही मतदारसंघांत त्यांच्या शिफारशी एकमेकींच्या विरुद्ध होत्या. एकमत झाले नाही तर दोघांनीही तो मतदारसंघ सोडा. दोन विरुद्ध याद्यांचा एकत्रित परिणाम तिसऱ्या-दुसऱ्यांमध्ये मतांची अदलाबदल एवढाच होतो.

कायद्याची बाजू वकिलाला दाखवा, ती आम्ही थोडक्यात सांगतो. भारतात उमेदवाराच्या लेखी परवानगीशिवाय त्याच्या प्रचारावर खर्च करणे भारतीय न्याय संहितेच्या कलम १७६ खाली गुन्हा ठरू शकते. नाव घेऊन छापलेले पत्रक या व्याख्येत येते का, हे छापण्याआधी विचारा. मतदान संपण्याआधीच्या ४८ तासांत जनमत चाचणीचे निष्कर्ष इलेक्ट्रॉनिक माध्यमांतून देता येत नाहीत. मतांची अदलाबदल, म्हणजे ‘मी तुझ्या मतदारसंघात तुझ्या पक्षाला, तू माझ्या मतदारसंघात माझ्या’ हा प्रकार अमेरिकेत २००० साली सुरू झाला, कॅलिफोर्नियाने खटल्याची धमकी देऊन तो बंद पाडला, आणि २००७ मध्ये तिथल्या नवव्या मंडळाच्या अपील न्यायालयाने असा करार अभिव्यक्तीच्या संरक्षणात येतो असे म्हटले. अन्यत्र तसे मानले जाईलच असे नाही. गुप्त मतदानात समोरच्याने शब्द पाळला की नाही हे कळतही नाही. आमचा सल्ला: त्या वाटेला जाऊ नका.

तुम्ही मतदाराला आणखी एक गोष्ट सहसा सांगत नाही. मत ‘उसने’ दिल्याची किंमत त्याच्या पक्षाला पडते. भारतात वैध मतांच्या एक षष्ठांशाहून कमी मते पडली तर अनामत जप्त होते, ब्रिटनमध्ये ५ टक्क्यांखाली. भारतात पक्षाच्या राज्यस्तरीय मान्यतेच्या एका निकषात ६ टक्के मतांची अट आहे. कॅनडात २००४ ते २०१५ मतागणिक सरकारी अनुदान मिळत असे. तिसरा पक्ष अशा एखाद्या उंबरठ्यावर असेल तर शिफारशीशेजारी ते लिहा. लहान पक्षांचे कार्यकर्ते तुमच्यावर चिडतात ते यासाठी, आणि त्यांचा राग रास्त असतो.

पद्धत वेगळी असेल तर हे सगळे गणितच बदलते. प्रमाणशीर पद्धतीत, म्हणजे मतांच्या प्रमाणात जागा मिळतात तिथे, किमान मतांचा उंबरठा असेल तर मत वाया जाते ते उंबरठ्याखाली: तुर्कस्तानात २००२ साली १० टक्क्यांच्या अटीमुळे दोनच पक्ष आत गेले आणि ३४ टक्क्यांवर ५५० पैकी ३६३ जागा एका पक्षाला मिळाल्या. तिथे शिफारस मोठ्या पक्षाकडून उंबरठ्याजवळच्या मित्रपक्षाकडे, म्हणजे उलट्या दिशेने करावी लागते. पसंतिक्रमाच्या पद्धतीत मतदार उमेदवारांना १, २, ३ असे क्रम देतो आणि तळाचा उमेदवार बाद होऊन त्याची मते पुढच्या पसंतीकडे जातात. ऑस्ट्रेलियाने स्वानच्या निकालानंतर लगोलग आणलेल्या या पद्धतीत मतदाराला फक्त ‘सगळे क्रमांक भरा’ एवढे सांगितले तरी पुष्कळ. मात्र तीही पूर्ण निर्धोक नाही. अलास्कात ऑगस्ट २०२२ च्या पोटनिवडणुकीत निक बेगिच इतर दोघांना समोरासमोर हरवू शकले असते, पण पहिल्या पसंतीत तिसरे असल्याने तेच आधी बाद झाले. १९७३ आणि १९७५ मध्ये गिबर्ड आणि सॅटरथ्वेट यांनी सिद्ध केले, की तीन किंवा अधिक उमेदवार असताना, एकाची हुकूमशाही सोडल्यास, डावपेचाला वावच उरणार नाही अशी कोणतीही पसंतिक्रमाची पद्धत नाही. त्यामुळे पद्धत बदलली की तुमची गरज संपेल, असे मतदारांना सांगू नका.

शेवटी एका साध्या बेरजेची आठवण. तिसऱ्याचे मत दुसऱ्याकडे आणले की अंतर एकाने घटते. पहिल्याचे मत दुसऱ्याकडे आणले की दोनाने घटते. केन्सिंग्टनमध्ये निकाल उलटवायला तिसऱ्याचे १५१ मतदार लागले असते, पहिल्याचे ७६. ४२-३३-२५ सारख्या मतदारसंघात, जिथे हस्तांतर पुरत नाही, तिथे तुमच्या कार्यकर्त्यांना यादी वाटायला लावण्याऐवजी पहिल्याच्या काठावरच्या मतदारांच्या दारात पाठवा. पन्नास मतदारसंघांच्या यादीपेक्षा आठ मतदारसंघांची यादी आणि बाकीच्या बेचाळीस ठिकाणी हे काम, असा हिशेब आम्हाला जास्त पटतो.

निकालानंतर पंधरा दिवसांत प्रत्येक शिफारशीसमोर चार आकडे जाहीर करा: तुम्ही ज्याला दुसरा म्हटले तो कितवा आला, गरजेचे हस्तांतर किती धरले होते, प्रत्यक्ष किती लागले असते, आणि तिसऱ्या-दुसऱ्याच्या मतांचा भागाकार मागच्या वेळेपेक्षा घटला की वाढला. ज्या जागी दुसरा ओळखण्यात चूक झाली त्या जागांची नावे वेगळी छापा आणि पुढच्या यादीच्या पहिल्या पानावर ती तशीच राहू द्या.

आपले,
निवडणुकीच्या आकड्यांवर काम करणारे काही जण